धूळ, वाफ, धूर: कोणत्या कामाला कोणता मास्क?

घरच्या घरी सुतारकाम, रंगकाम, रेझिन, मूर्तिकाम, वेल्डिंग करणाऱ्या वाचकांकडून मास्कविषयी बरेच प्रश्न आले आहेत. मोठ्या कारखान्यात निदान कागदोपत्री तरी एक सुरक्षा अधिकारी असतो. गॅलरीत किंवा पार्किंगच्या कोपऱ्यात चालणाऱ्या कामावर कोणाचेच लक्ष नसते, आणि काम संपले की त्याच हवेत घरातली लहानमोठी माणसे वावरतात. त्यामुळे काही उत्तरे लांबली आहेत. बहुतेक पत्रांत एक समज सारखा दिसला: वास आला तर हवा वाईट, नाही आला तर ठीक. तो समज कुठे कुठे फसवतो ते पुढे येईलच.

प्रश्न: फ्लॅटमधल्या एका खोलीत मी प्लायवूड आणि एमडीएफचे काम करतो. कटर, राऊटर आणि सँडर आहे. तोंडाला रुमाल किंवा सर्जिकल मास्क बांधतो, तरी रात्री नाक शिंकरले की भुसा निघतो. एन-९५ घेऊ की एफएफपी२? की दोन्ही एकच? (चिंचवड)

नाकातून निघतो तो भुसा जाडा असतो. तो नाकाने अडवला, म्हणूनच दिसला. काळजी न दिसणाऱ्या कणांची करायची. साधारण १० मायक्रॉनच्या खालचे कण घशाच्या पुढे उतरतात आणि ४ मायक्रॉनच्या खालचे थेट फुप्फुसातल्या वायुकोशांपर्यंत जातात. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो, त्यावरून अंदाज यावा. राऊटर आणि सँडर अशीच बारीक धूळ करतात, आणि एमडीएफ तर मुळातच बारीक तंतू युरिया-फॉर्मल्डिहाइडच्या गोंदात दाबून बनवलेला असतो. १ मायक्रॉनचा कण शांत हवेत दीड मीटर खाली यायला सुमारे १२ तास घेतो. म्हणजे मशीन बंद करून मास्क काढला, चहा घेतला आणि परत खोलीत आलात, तरी ती धूळ तिथेच तरंगत असते.

लाकडाची धूळ जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने, म्हणजे आयएआरसीने, पहिल्या गटात ठेवली आहे. माणसात कर्करोग करते हे सिद्ध झालेल्या गोष्टींचा तो गट. नाक आणि नाकाभोवतीच्या पोकळ्यांचा कर्करोग हा तिचा ठरलेला परिणाम. हे निष्कर्ष वर्षानुवर्षे रोज धुळीत काम करणाऱ्यांवरून आले आहेत, तेव्हा शनिवार-रविवारच्या छंदाने घाबरून जायचे कारण नाही. पण रुमालावर भागवायचेही नाही. युरोपीय संघात कठीण लाकडाच्या धुळीची मर्यादा ८ तासांच्या सरासरीने घनमीटरला २ मिलिग्रॅम आहे. तुमची खोली ३ बाय साडेतीन मीटर आणि २.७ मीटर उंच धरली, तर २८ घनमीटर हवा झाली. मर्यादा गाठायला सगळ्या खोलीत मिळून फक्त ५६ मिलिग्रॅम धूळ पुरते. चिमूटभर मीठ याच्या कितीतरी पट भरेल.

आता मास्क. एन-९५ हे अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेचे वर्गीकरण. सर्वांत निसटता कण साधारण ०.३ मायक्रॉनचा असतो, त्यातले किमान ९५ टक्के गाळले गेले पाहिजेत. एफएफपी हे युरोपीय वर्गीकरण, आणि आपल्या भारतीय मानक ब्युरोचे आयएस ९४७३ त्याच धर्तीवर आहे: एफएफपी१ किमान ८० टक्के, एफएफपी२ ९४ टक्के, एफएफपी३ ९९ टक्के. लाकूडकामाला एन-९५ किंवा एफएफपी२, दोन्ही चालतील. एमडीएफचे सँडिंग तासन् तास करणार असाल तर एफएफपी३ घ्या. पाकिटावर नुसते ‘एन-९५’ छापलेले पुरेसे नाही. भारतीय मास्कवर आयएस ९४७३, वर्ग आणि आयएसआय चिन्ह पाहा. अमेरिकन मास्कवर ‘टीसी-८४ए’ने सुरू होणारा मान्यता क्रमांक असतो.

गाळणीइतकाच महत्त्वाचा भाग म्हणजे मास्क चेहऱ्याला कसा बसतो. कानाला अडकवायच्या पट्ट्या मास्क घट्ट ओढू शकत नाहीत. गालाजवळ फट राहते आणि हवा वाट सोपी असेल तिकडूनच येते. डोक्यामागून जाणाऱ्या दोन पट्ट्यांचा मास्क निवडा. वरची पट्टी डोक्याच्या मागच्या उंच भागावर, खालची कानाखालून मानेवर. नाकावरची धातूची पट्टी एका हाताच्या चिमटीने दाबू नका, मध्ये कोन पडतो आणि दोन्ही बाजूंना फटी राहतात. दोन्ही हातांची बोटे मध्यापासून बाहेर सरकवत ती नाकाच्या आकाराची करा. मग मास्कवर दोन्ही तळवे ठेवून जोरात श्वास सोडा आणि घ्या. डोळ्यांकडे किंवा गालाकडे झुळूक लागली तर पुन्हा बसवा. चष्म्यावर वाफ धरते ही तक्रार अनेकांची असते. बहुतेक वेळा तिचा अर्थ नाकाजवळ फट आहे असाच असतो.

एवढे नीट करूनही असा मास्क धूळ दहाव्या हिश्शावर आणतो असेच धरून चालायचे. अमेरिकेतले कामगार सुरक्षा नियम त्याला दहाचाच गुणांक देतात. त्यामुळे धूळ उगमापाशीच पकडणे हे पहिले काम. सँडरच्या पॅडला भोके असतात, त्यावर भोके जुळणाराच पॉलिश पेपर लावा आणि मागच्या नळीला व्हॅक्यूम क्लीनर जोडा. सँडरसोबत येणारी कापडी पिशवी जाडा भुसा धरते आणि बारीक धूळ खोलीत सोडते. व्हॅक्यूमलाही हेपा, म्हणजे अगदी बारीक कण अडवणारा फिल्टर नसेल तर तो हेच करतो. एक्झॉस्ट पंखा घेताना त्यावर लिहिलेला घनमीटर प्रति तास हा आकडा वाचा: तुमच्या खोलीची हवा तासाला २० वेळा बदलायची तर सुमारे ५६० हवेत, आणि समोरच्या बाजूने हवा आत यायला दार किंवा खिडकी उघडी हवी. शेवटी केरसुणीने झाडू नका. व्हॅक्यूम आणि ओले फडके वापरा, आणि ते होईपर्यंत मास्क तोंडावरच असू द्या.

प्रश्न: एन-९५ धुऊन परत वापरता येतो का? सॅनिटायझर मारला तर? (सातारा)

नाही. त्यातल्या तंतूंना स्थिर विद्युतभार दिलेला असतो आणि बारीक कण त्यानेच खेचले जातात. साबण आणि अल्कोहोल हा भार घालवतात. मास्क दिसायला स्वच्छ होतो, बारीक कण गाळायची त्याची ताकद मात्र खूप घटते. धुळीसाठी वापरलेला मास्क बाहेरून हलका टिचकी मारून, कागदी पिशवीत कोरडा ठेवून पुन्हा वापरता येतो. श्वास ओढायला जड जाऊ लागले, पट्ट्या सैल पडल्या, आतली बाजू मळली किंवा आकार मोडला की टाकून द्या. आतून भुशाची रेघ उमटलेली दिसली तर मास्क त्या जागी गळत होता, हेही कळते.

प्रश्न: घरच्या फर्निचरला एनसी लॅकर आणि मेलामाइन पॉलिश मारतो. चांगला एन-९५ घेतला, तरी थिनरचा वास येतोच. मास्क बनावट आहे का? (डोंबिवली)

मास्क अस्सलच असेल. थिनरची वाफ म्हणजे कण नव्हे, सुटे रेणू. एन-९५ काय, एफएफपी३ काय, त्यातून ते आरपार जातात. वाफेला सक्रिय कोळशाचे कार्ट्रिज, म्हणजे कोळसा भरलेली डबी, लागते. काही एन-९५ मास्कमध्ये कोळशाचा पातळ थर असतो. तो फक्त वास कमी करतो. असा मास्क लावून थिनरचे काम करणे अधिक वाईट, कारण वास गेला म्हणून माणूस निर्धास्त होतो.

तुम्हाला अर्धा चेहरा झाकणारा रबरी किंवा सिलिकॉनचा मास्क आणि त्याला दोन बाजूंना लागणारी कार्ट्रिजे हवीत. एका कंपनीची कार्ट्रिजे दुसऱ्या कंपनीच्या मास्कला सहसा बसत नाहीत, त्यामुळे मास्क घेतानाच पुढे कार्ट्रिज सहज मिळेल का ते पाहा. उदाहरणार्थ थ्रीएमच्या ६००० मालिकेत ६१०० लहान, ६२०० मध्यम आणि ६३०० मोठा असे तीन आकार आहेत. त्याला सेंद्रिय वाफेसाठी ६००१ कार्ट्रिज, त्यावर धूळ व फवाऱ्याचे थेंब अडवणारी ५एन११ ही चकती, आणि चकती धरून ठेवायला ५०१ हे प्लास्टिकचे झाकण. ब्रशने काम असेल तर नुसते कार्ट्रिज चालते. स्प्रे गन असेल तर चकती हवीच, नाहीतर रंगाचे थेंब कोळशावर बसून कार्ट्रिज लवकर निकामी होते.

कार्ट्रिजच्या रंगावर जाताना सावध राहा. युरोपीय पद्धतीत सेंद्रिय वाफेची पट्टी तपकिरी आणि ‘ए’ अक्षर, आम्ल वायूंची पिवळी, अमोनियाची हिरवी, कणांची पांढरी. अमेरिकन पद्धतीत सेंद्रिय वाफ काळी, आम्ल वायू पांढरा, वाफ आणि आम्ल एकत्र पिवळा, आणि पी-१०० हा कणांचा फिल्टर किरमिजी. म्हणजे पांढरा रंग एकीकडे धूळ आणि दुसरीकडे आम्ल. आपल्या बाजारात दोन्ही मिळतात. रंग बाजूला ठेवून अक्षरे वाचा: ‘ए१पी२’ (‘ए’ सेंद्रिय वाफेसाठी, ‘पी’ कणांसाठी) किंवा ‘ऑरगॅनिक व्हेपर’.

कार्ट्रिज किती टिकते याला वासाची कसोटी लावू नका. नाक सरावते, आणि काही वाफांचा वास धोक्याची पातळी ओलांडल्यावरच येतो. वापरातला ठोकताळा असा आहे: पदार्थाचा उत्कलनबिंदू ७० अंश सेल्सियसच्या वर आणि हवेतले प्रमाण दशलक्षात २०० भागांच्या खाली असेल, तर साधारण मेहनतीच्या कामाला सुमारे ८ तास. मेहनत दुप्पट झाली की आयुष्य निम्मे. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांवर गेली की पुन्हा निम्मे, कारण कोळसा पाण्याची वाफही धरतो. डोंबिवलीच्या जुलैत हा दुसरा नियम रोजच लागू आहे. बंद खोलीत स्प्रे मारताना प्रमाण २०० च्या वरही सहज जाते, तेव्हा ८ तास ही खात्री समजू नका.

एनसी थिनरमध्ये टोल्यूइन (उत्कलनबिंदू १११ अंश), ब्युटाइल अॅसिटेट (१२६) यांसोबत बऱ्याचदा अॅसिटोन (५६) आणि कधी मिथेनॉल (६५) असते. शेवटची दोन साध्या सेंद्रिय कार्ट्रिजमध्ये फार काळ थांबत नाहीत; युरोपीय पद्धतीत त्यांना ‘एएक्स’ हा वेगळा वर्ग आहे, आणि तो एकदाच वापरून टाकायचा असतो. डब्यावर घटक न लिहिलेले सुटे, स्वस्त थिनर याच कारणाने घेऊ नये. रंग काढायच्या जुन्या पद्धतीच्या पेंट रिमूव्हरमध्ये डायक्लोरोमिथेन असते. ते ४० अंशांनाच उकळते आणि शरीरात गेल्यावर त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो. ते घरात वापरूच नका; हीट गन किंवा खरवडणी बरी, पण जुन्या रंगावर दोन्ही चालवण्याआधी शिशाचा विचार करा. भारतात घरगुती रंगांतले शिसे दशलक्षात ९० भागांवर आणणारे नियम २०१६ चे, अंमल २०१७ पासून. त्याआधी रंगवलेली दारे-खिडक्या कोरड्या घासू नयेत. पाणी मारून घासा, पी-१०० किंवा पी३ लावा, आणि पोरांना त्या दिवशी आजोळी पाठवा.

काम झाले की कार्ट्रिज लगेच झिपच्या पिशवीत, हवा काढून, उघडल्याची तारीख आणि वापरलेले तास मार्करने लिहून ठेवा. हुकाला टांगलेले कार्ट्रिज रात्रभर खोलीतली वाफ आणि दमट हवा पीत राहते. शिवाय हलक्या उत्कलनबिंदूची वाफ कोळशात पडून असताना हळूहळू आतल्या बाजूला सरकते आणि पुढच्या रविवारी पहिल्याच श्वासाला तुमच्या नाकात येते. अॅसिटोन असलेल्या कामानंतर कार्ट्रिज दुसऱ्या दिवसासाठी राखू नका. मास्कचे रबर कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवा, थिनरने कधीच पुसू नका, सावलीत वाळवा. महिन्यातून एकदा श्वास सोडायच्या झडपेची पातळ रबरी चकती उघडून पाहा. तिच्याखाली भुशाचा एक कण अडकला किंवा कड वळली तरी तुम्ही फिल्टर न केलेली हवा आत घेता.

घातल्यावर दर वेळी दोन तपासण्या करा. दोन्ही कार्ट्रिजची तोंडे तळव्यांनी झाकून हलकेच श्वास ओढा. मास्क चेहऱ्याकडे ओढला जाऊन १० सेकंद तसाच राहिला पाहिजे. मग झडप झाकून हलकेच श्वास सोडा. मास्क किंचित फुगावा, कडेने हवा निसटू नये.

आणखी एक: टोल्यूइनची वाफ हवेच्या तिपटीहून जड असते, ती जमिनीलगत पसरते. कार्ट्रिज तुमचे फुप्फुस वाचवेल, देवघरातल्या निरांजनापासून घर वाचवणार नाही.

प्रश्न: जुनी मोटारसायकल दुरुस्त करून टाकीला टू-के पीयू रंग स्प्रे करायचा आहे. वरच्यासारखा कार्ट्रिजचा मास्क चालेल ना? (कोल्हापूर)

या प्रश्नाला आमचे उत्तर नाही असेच आहे. पीयू म्हणजे पॉलियुरेथेन, आणि टू-के म्हणजे रंग वेगळा आणि तो कठीण करणारा हार्डनर वेगळा. त्या हार्डनरच्या डब्यात आयसोसायनेट हे रसायन असते. स्प्रे केल्यावर त्याचे बारीक थेंब हवेत राहतात, दिसेनासे झाल्यावरही काही मिनिटे टिकतात, आणि त्यांचा वास धोकादायक प्रमाणातही येत नाही. म्हणजे कार्ट्रिज संपले हे कळायला काही खूणच उरत नाही. शरीराला एकदा त्याची अॅलर्जी बसली की पुढे अगदी किंचित संपर्कानेही दम्याचा झटका येऊ शकतो, आणि ही अॅलर्जी सहसा आयुष्यभर राहते. गॅरेजमधल्या रंगाऱ्यांच्या दम्याचे हे जुने आणि नीट माहीत असलेले कारण आहे. ते त्वचेवाटेही शरीरात जाऊन अॅलर्जी घडवू शकते.

यासाठी बाहेरची स्वच्छ हवा नळीने पुरवणारा मास्क, पूर्ण अंगाचा सूट आणि हवा खेचणारा बूथ लागतो. घरच्या कॉम्प्रेसरची नळी मास्कला जोडण्याचा विचार कोणी करू नये. त्या हवेत तेलाची वाफ आणि कधी कार्बन मोनॉक्साइडही असतो. टाकी घासून, प्रायमर मारून, तयारी सगळी स्वतः करा आणि शेवटचे हात बूथ असलेल्या रंगाऱ्याकडून मारून घ्या. खर्च टाकीपुरताच येतो. घरीच करायचे असेल तर हार्डनर न लागणारा एकेरी रंग घ्या, त्याला ‘ए१पी२’ पुरते. ‘पीयू’ या दोन अक्षरांवरून काही ठरत नाही, सोबत दुसरा डबा आहे का ते पाहा. पाण्यावर आधारित काही पीयूलाही असा हार्डनर असतो.

प्रश्न: मी वरमाला रेझिनमध्ये जतन करून देते, कोस्टरही करते. रेझिन ‘नॉन-टॉक्सिक, वासरहित’ आहे असे पाकिटावर लिहिले आहे. तरी हाताला आणि पापण्यांना खाज सुटते. मास्क बदलू का? (ठाणे)

तुमची खाज मास्कने थांबणारी नाही, हात आधी सांभाळा. तुमचे रेझिन बहुधा एपॉक्सी, म्हणजे राळ आणि हार्डनर अशा दोन भागांचे असावे. त्याची वाफ थोडीच असते, पण राळ आणि हार्डनर दोन्ही त्वचेला अॅलर्जी करतात. पापण्यांची त्वचा पातळ, आणि हाताला लागलेले तिथे पोचते. त्वचारोगतज्ज्ञांना रेझिनचे पाकीट दाखवा आणि तोपर्यंत काम बंद ठेवा. अॅलर्जी पक्की झाली की घटक बदलून फारसा फरक पडत नाही.

पुढे करायचे ते असे. नायट्राइलचे हातमोजे, डाग पडला की लगेच बदलायचे, लेटेक्सचे नकोत. हाताला लागलेले अॅसिटोनने पुसू नका, ते रेझिनला त्वचेत आणखी आत नेते. साबण-पाणी वापरा. राळ आणि हार्डनरचे प्रमाण उत्पादकाने सांगितले तेच, काट्यावर मोजून. लवकर घट्ट व्हावे म्हणून हार्डनर जास्त घातला तर त्यातले जादा अमाइन हे रसायन तसेच उरते, वस्तू चिकट राहते आणि खाज वाढवते. मोठा गोळा एकदम ओतला की तो तापून धुरतो. वरमालेसारखे खोल काम थरांनी करा.

छोट्या ओतकामाला उघडी खिडकी आणि बाहेर फेकणारा पंखा पुरतो. एका वेळी अर्धा-एक लिटर ओतणार असाल तर ‘ए१पी२’ लावा. अभ्रकाची चमक भुकटी मोजताना एफएफपी२. खरा धोका पॉलिशमध्ये आहे: दुसऱ्याच दिवशी घासायला घेतलेले रेझिन वरून कठीण दिसते पण आतून अर्धकच्चे असते, आणि त्याची धूळ अॅलर्जीच घेऊन येते. आठवडाभर थांबा, पाण्यासकट घासा, धुतलेले पाणी गाळून चिखल सुकवून टाका.

‘कास्टिंग रेझिन’ नावाने मिळणारे स्वस्त पॉलिएस्टर रेझिन हा वेगळाच पदार्थ आहे. त्यात स्टायरीन असते, तिथे सेंद्रिय वाफेचे कार्ट्रिज नेहमीच हवे. त्याचा कोबाल्ट अॅक्सिलरेटर आणि एमईकेपी हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, स्फोट होतो. एक आधी राळेत पूर्ण ढवळा, मग दुसरा.

प्रश्न: शाडूच्या आणि प्लास्टरच्या गणेशमूर्ती हौसेने करतो. माती नैसर्गिक, मग मास्क कशाला? शिवाय श्रावणात मी दाढी करत नाही. (पेणजवळून एक वाचक)

नैसर्गिक असणे आणि निरुपद्रवी असणे यांचा इथे संबंध नाही. मातीत क्वार्ट्झ, म्हणजे स्फटिकरूप सिलिका असते. तिची बारीक धूळ वायुकोशात बसून तिथे व्रण करते. सिलिकोसिस म्हणतात तो हा, आणि तो बरा होत नाही. अमेरिकेत तिची मर्यादा घनमीटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे, लाकडाच्या वर सांगितलेल्या मर्यादेचा चाळिसावा भाग. प्लास्टर ऑफ पॅरिस हे कॅल्शियम सल्फेट. ते डोळे-घसा चुरचुरवते, पण फुप्फुसांच्या दृष्टीने शाडूची कोरडी धूळ अधिक वाईट. हे वाचून पुष्कळांना नवल वाटेल.

ओली माती मळताना मास्कची गरज नाही. तीन वेळा गरज आहे: कोरडी भुकटी चाळताना, वाळलेली मूर्ती घासताना आणि खोली झाडताना. टबात आधी पाणी घ्या, भुकटी पाण्यालगत हळू सोडा. वाळलेल्या मूर्तीवर पॉलिश पेपरऐवजी ओलसर स्पंज फिरवा. नाक, बोटे, दागिने अशा बारीक जागी ओला ब्रश. जमीन ओल्या फडक्याने पुसा, फडके वाळायच्या आत धुवा. कोरडे घासणे टळतच नसेल तर एफएफपी३ किंवा पी-१०० चकत्यांचा मास्क घाला, एफएफपी२ फक्त थोड्या वेळापुरता.

दाढीचा मुद्दा खरा अडचणीचा आहे, कारण मूर्ती घासायचा-रंगवायचा हंगाम आणि श्रावण एकच. मास्कची कड जिथे टेकते तिथे दोन दिवसांची खुंटेसुद्धा फट ठेवतात, आणि सिलिकाला तेवढी पुरते. मिशी मास्कच्या आत राहत असेल तर हरकत नाही. व्रत पाळायचे असेल तर दोन मार्ग: घासायचे सगळे काम आषाढातच उरकून श्रावणात फक्त रंगकाम ठेवणे, किंवा बॅटरीच्या पंख्याने गाळलेली हवा देणारी सैल टोपी घेणे. ती चेहऱ्याला चिकटावी लागत नाही, त्यामुळे दाढी चालते. ती महाग आहे, चार-पाच जणांनी मिळून घ्यावी.

प्रश्न: सोल्डरिंग करताना शिशाची वाफ अंगात जाते का? (नाशिक, अभियांत्रिकीचा विद्यार्थी)

सोल्डरिंग आयर्न ३५० अंशांवर असते, शिसे १७०० च्या वर उकळते. त्यामुळे शिशाची वाफ जवळजवळ नसतेच. शिसे हातावरून तोंडात जाते. काम झाल्यावर साबणाने हात धुणे आणि टेबलावर वडापाव न ठेवणे, एवढे केलेत तर मोठा भाग झाला. जो धूर दिसतो तो फ्लक्समधल्या, म्हणजे सोल्डर नीट धरावे म्हणून त्यासोबत असणाऱ्या पदार्थातल्या, राळेचा, आणि तो दमा जडवणारा म्हणून ओळखला जातो. शिसेविरहित सोल्डरला जास्त तापमान लागते, तिथे हा धूर वाढू शकतो. डोके बोर्डाच्या थेट वर धरू नका. समोर १५-२० सेंटिमीटरवर छोटा पंखा, धूर तुमच्यापासून ओढून खिडकीकडे सोडेल असा. रोज तासभर काम असेल तर फिल्टरवाले धूरशोषक घ्या. मास्क लावून तासन् तास सोल्डरिंग करणे कोणाच्याने होत नाही.

प्रश्न: जीआय पाइप वेल्ड केले की रात्री थंडी वाजून ताप येतो, दुसऱ्या दिवशी बरे वाटते. काम करणारे सांगतात, दूध प्या, गूळ खा. (अहिल्यानगर)

हा जस्ताच्या धुराचा ताप. जीआय म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंड. जस्त ९०७ अंशांना उकळते, पोलाद वितळायला त्याहून किती तरी जास्त लागते. म्हणून आर्क लागताच पाइपवरचे जस्त पांढऱ्या धुरासारखे उडते. ४ ते १० तासांनी थंडी, अंगदुखी, तोंडात धातूची चव, आणि एक-दोन दिवसांत उतार. दूध-गूळ अन्ननलिकेतून पोटात जातो, धूर वायुकोशात आहे. खायला हरकत नाही, पण मास्कऐवजी म्हणून नको.

जोडाच्या दोन्ही बाजूंचे २५ ते ५० मिलिमीटर जस्त आधी काढा. ग्राइंडरने काढताना मास्क आणि चष्मा दोन्ही. उघड्यावर, वारा बाजूने येईल असे उभे राहा. हेल्मेटखाली जाड कार्ट्रिज मावत नाही, तिथे चपट्या पी-१०० किंवा पी३ चकत्यांचा मास्क बसतो. वेल्डिंगचा धूर आता आयएआरसीच्या पहिल्या गटात आहे, त्यामुळे साध्या पोलादालाही मास्क हवाच. स्टेनलेस स्टीलच्या धुरात षट्‌संयुजी क्रोमियम असते, तिथे अधिक काटेकोर राहा.

ताप नसून दम लागत असेल, छाती आवळत असेल, तर घरी थांबू नका. जुन्या नट-बोल्टांवर कधी कॅडमियमचा मुलामा असतो, तो डोळ्यांनी ओळखता येत नाही, आणि त्याचा धूर काही तासांनंतर फुप्फुसात पाणी करतो. काय वेल्ड केले ते डॉक्टरांना सांगा. तसेच क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने पुसलेला भाग वेल्ड करू नका, आर्कखाली त्याचा फॉस्जिन हा विषारी वायू होतो. बंद खोलीत आर्गॉन किंवा कार्बन डायॉक्साइडचे सिलिंडर वापरत असाल तर ऑक्सिजन कमी होतो. कोणताही फिल्टर ऑक्सिजन तयार करत नाही. जनरेटरच्या कार्बन मोनॉक्साइडलाही या साध्या कार्ट्रिजचा उपयोग नाही.

प्रश्न: शेडच्या सिमेंटच्या पन्हळी पत्र्याला पाइपसाठी भोक पाडायचे आहे. कोणता मास्क? (रत्नागिरी)

जुन्या सिमेंटच्या पत्र्यात अॅस्बेस्टॉस, म्हणजे फुप्फुसांना घातक तंतूंचे खनिज, असते असेच धरा. त्याला ड्रिल, कटर, कानस काहीच लावू नका. पाइप पत्र्याच्या कडेने, भिंतीतून किंवा आधीच्या सांध्यातून काढा. पत्रा बदलायचाच असेल तर पाणी मारून, हुकांचे नट ढिले करून अख्खा उतरवा, वरून खाली टाकू नका. एफएफपी३ किंवा पी-१००, पूर्ण बाह्या, आणि ते कपडे घरच्या कपड्यांत न धुता तिथेच पिशवीत बांधून टाका. तुटलेले तुकडे ओले असतानाच जाड प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत भरा आणि बाहेर ‘अॅस्बेस्टॉस’ असे लिहा. कचरा उचलणारा ती पिशवी हाताने उचलणार आहे.